एकाच सुरात वाचावे

मंगळवेढ्याहून आलेल्या एका अंतर्देशीय पत्राला शिवयोगींनी साडेतीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नव्हतं. पत्राच्या शेवटी स्वच्छ लिहिलेलं होतं, 'उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये.' इतक्या समजूतदारपणे लिहिणारा मित्र आपल्याला लाभला याचं त्यांना उलट समाधान होतं. पत्र त्यांनी घडी करून शब्दकोशात ठेवलं आणि ते प्रुफं तपासायला निघून गेले.

शिवयोगी सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. आयुष्यातली एकतीस वर्षं त्यांनी एका लाकडी टेबलाशी काढली होती. त्या काळी तिथे काम असं चाले: एकाने लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने ओल्या प्रुफावर बोट ठेवून ती ताडून पाहायची. वाचायचं काम शिवयोगींकडे होतं. ते स्वल्पविरामसुद्धा वाचत. 'हाय उद्गार देवा स्वल्प हे काय झाले प्रश्न' असं ते एका पट्टीत म्हणत तेव्हा देवाला, हायला आणि प्रश्नाला सारखाच मान मिळे. या कामात भाव घालायचा नसतो. वाचणाऱ्याने भाव घातला की ऐकणाऱ्याचं मन गोष्टीत गुंततं आणि डोळा चुकीवरून घसरतो. एका सकाळी त्यांनी एक फार्स आणि एका व्यापाऱ्याची मृत्युवार्ता पाठोपाठ वाचली, आणि ऐकणाऱ्याला मध्ये काही बदलल्याचं कळलं नाही. मालक म्हणाले, असा वाचक पुण्यातही मिळणार नाही.

पंचाईत एवढीच, की शिवयोगी दुसऱ्यांचं बोलणंही तसंच ऐकत. शब्द त्यांना पक्के कळत. शब्दांमागून जो आवाज चालतो, तो त्यांच्या कानापर्यंत येऊन दाराशीच थांबे. 'या, तुमचीच कमी होती' असं कोणी म्हटलं की ते आभार मानून बसत. दुकानदार म्हणाला, 'घ्या, फुकट न्या,' तर ते संकोचून म्हणत, 'नको, असं कसं.' घरात हा भार त्यांच्या पत्नीने, रुद्राणीने, उचलला होता. पाहुणा उंबऱ्याबाहेर गेला की ती नवऱ्याला सांगे, 'ते कौतुक नव्हतं, टोमणा होता,' किंवा, 'ती रागावली न्हाई, लाडानं बोलली.' ती इंडीकडची. शाळा कानडीत झालेली, मराठी अक्षर तिला वाचता येत नसे. पण माणसाचा आवाज ती अर्ध्या गल्लीवरून वाचत असे.

आणि नेमकी ती नसताना बसलिंगप्पा आले.

बसलिंगप्पा म्हणजे शिवयोगींचा बोर्डिंगातला मित्र, आणि खरं सांगायचं तर एकुलता एक मित्र. मंगळवेढ्यात त्यांचं ज्वारीचं दुकान होतं. दर संक्रांतीला ते गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापुरात येत, शिवयोगींच्या घरी चार दिवस उतरत आणि त्या चार दिवसांत एक वाक्य सरळ बोलत नसत. जेवण आवडलं की म्हणत, 'वहिनी, काय हे, उपाशी मारायचा बेत दिसतोय.' घरातली सगळी हसत. शिवयोगी सर्वांच्या पाठोपाठ हसत.

त्र्याहत्तर सालच्या वैशाखात बसलिंगप्पांच्या मुलीचं, पार्वतम्माचं, लग्न ठरलं. पत्रिका शिवयोगींच्याच छापखान्यात छापल्या. रुद्राणी त्या वेळी लेकीच्या बाळंतपणासाठी विजापूरला गेली होती. पत्रिकांचा गठ्ठा न्यायला बसलिंगप्पा आले, तेव्हा शिवयोगींनी टेबलावरून मान वर करून मनापासून आपली अडचण सांगितली.

"बसलिंगा, त्याच आठवड्यात भूगोलाच्या पुस्तकाची प्रुफं आहेत. शाळा उघडायच्या आत पुस्तक निघायला हवं. मला विचार पडलाय."

बसलिंगप्पांनी पत्रिकांचा गठ्ठा काखेत मारला. मग म्हणाले, "मग नका येऊ की. विचार कशाला? पोरीचं लगीन काय, दर वर्षी हुतंय. भूगोल पुन्हा कुटं मिळणार? तुमी बसा हितंच. तुमच्या वाटणीच्या अक्षता आमी टाकतो."

शेजारी छपाईचे खिळे जुळवत बसलेला धोंडीराम खो खो हसला. शिवयोगींना मात्र डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

"बरं झालं, तूच सांगितलंस," ते म्हणाले. "मला विचारायला धीर होत नव्हता."

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. जन्मभर 'अरे शिव्या' म्हणणारा मित्र आज त्यांना 'तुम्ही' म्हणाला होता. त्यांना वाटलं, मुलीचा बाप झाल्यावर माणूस आदबीने वागू लागतो.

ते लग्नाला गेले नाहीत. मंगळवेढ्याकडच्याच असलेल्या धोंडीरामच्या हाती त्यांनी इरकली साडीचा आहेर पाठवला आणि सोबत स्वच्छ अक्षरात चिठ्ठी दिली : 'आपल्या सूचनेनुसार लग्नास आलो नाही. प्रुफे वेळेत पूर्ण झाली. कन्येस अनेक आशीर्वाद.' मित्र 'तुम्ही' म्हणाला, म्हणून त्यांनीही 'आपल्या' लिहिलं.

दहा दिवसांनी ते अंतर्देशीय पत्र आलं, आणि पुढच्याच आठवड्यात रुद्राणी परतली. आल्या आल्या तिने विचारलं, "लग्न कसं झालं?"

"मी गेलो नाही. तोच म्हणाला, नका येऊ."

"अय्य! कसं म्हणाले?"

"कसं म्हणजे? तोंडानं म्हणाला."

रुद्राणीला संशय आला. म्हणून शिवयोगींनी तिला पत्र वाचून दाखवलं. मूळ प्रत हातात आली की त्यांना एकच वाचन ठाऊक होतं.

"आपण लग्नास आला नाहीत स्वल्प फार चांगले केलेत पूर्ण. पहिल्या पंगतीत आपल्यासाठी एक पान मांडून ठेवले होते स्वल्प ते शेवटी गाईला घातले पूर्ण. गाय तृप्त झाली पूर्ण. आपली चिठ्ठी मांडवात सर्वांना वाचून दाखवली स्वल्प सर्वांना आपले अक्षर आवडले पूर्ण. यापुढे गड्ड्याला येऊन आपणांस त्रास देणार नाही स्वल्प आपला वेळ वाचनात जावो पूर्ण. उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये पूर्ण."

अर्ध्या गल्लीवरून माणूस ओळखणारी रुद्राणी हे सगळं ऐकून म्हणाली, "मोठ्या मनाचे आहेत बिचारे." तिला तरी काय दोष द्यावा? तिला बसलिंगप्पा ऐकू आलेच नाहीत. तिने ऐकला तो छापखाना.

मग संक्रांती आल्या नि गेल्या. बसलिंगप्पा आले नाहीत. शिवयोगी म्हणत, "शब्दाचा पक्का माणूस." माजघरातली पाहुण्याची खाट त्यांनी उभी करून भिंतीला लावली. जत्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीला ते एकटेच जाऊन उभे राहत आणि लवकर परत येत. कारण विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

शहात्तर सालच्या दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी दारात पार्वतम्मा उभी राहिली. सोलापूरजवळच कुंभारीला तिचं सासर होतं, पण लग्नानंतर ती या घरी पहिल्यांदाच येत होती. लहानपणी जत्रेत तिला याच घरातल्या काकांच्या खांद्यावरून नंदीध्वज दिसत. ती आत आली, पाणीसुद्धा न पिता उभीच राहिली.

"काका, एकच विचारायला आले. आमचं काय चुकलं?"

"कुठं?" शिवयोगींनी विचारलं. त्यांना वाटलं, पत्रिकेत एखादं अक्षर राहून गेलं की काय.

"अप्पांचा एक डोळा गेल्यात जमा आहे. मोतीबिंदू. दुसऱ्यावर पण पडदा यायलाय. डॉक्टर म्हणालेत, संक्रांतीच्या आत सोलापूरला नेऊन कापून घ्या, न्हाईतर पहिला कायमचा जाईल. तर अप्पा येत न्हाईत. म्हणतात, सोलापुरात माझं एकच घर हुतं, ते बंद झालं. धर्मशाळेत पडून डोळा मिळवण्यापेक्षा आंधळा बरा."

"अगं, तुझ्या घरी—" रुद्राणी म्हणाली आणि थांबली.

"मला अजून लेकरू न्हाई, काकू. लेकरू हुईस्तोवर ते लेकीच्या घरचं पाणी घेतात व्हय?" पार्वतम्मा खाली बसली. "काका, तुमी अप्पांवर का रागावलाय?"

"मी?" शिवयोगी खरोखरच भ्याले. "मी कशाला रागावू? त्यानेच मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं. थांब." त्यांनी शब्दकोश उघडून पत्र काढलं आणि वाचायला सुरुवात केली. "आपण लग्नास आला नाहीत स्वल्प फार चांगले केलेत पूर्ण..."

पार्वतम्माला आधी हसू आलं. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू जागीच राहिलं. तिने पत्र हातातून घेतलं.

"अप्पा हे असं म्हणत असतील का, काका? ऐका."

तिने वाचलं. बापाचा आवाज तिच्या गळ्यात लहानपणापासूनच होता. 'फार चांगले केलेत' म्हणताना तो आवाज वर चढला आणि कापला. 'गाय तृप्त झाली' हे तर तिला एका दमात म्हणता आलं नाही. रुद्राणीने पदर तोंडाला लावला.

"शिव शिव! हे असं होतं? आणि तुम्ही मला काय वाचून दाखवलंत हो?"

"हेच," शिवयोगी म्हणाले. "एकही अक्षर सोडलं नव्हतं."

"आणि तुमची चिठ्ठी," पार्वतम्मा म्हणाली. "आपल्या सूचनेनुसार! अप्पांनी मांडवात सगळ्यांना दाखवली. म्हणाले, बघा, तीस वर्षं मुकं बसलेलं कोंबडं कसं आरवलंय. शिव्याच्या पोटात एवढा टोमणा असंल असं वाटलं नव्हतं, म्हणाले. त्या रात्री जेवले न्हाईत."

"तो टोमणा नव्हता," शिवयोगी म्हणाले. "ती माहिती होती."

रुद्राणीने पाण्याचा तांब्या पुढे केला. पार्वतम्मा त्या घरचं पाणी प्याली आणि निघताना म्हणाली, "तुमी लिहा, काका. पण एक सांगते. अप्पांना आता वाचता येत न्हाई. शेजारचा ईरप्पा वाचून दाखवतो. तो नाटकात काम करतो. दुकानाची नोटीससुद्धा खलनायकासारखी वाचतो."

शिवयोगी लगेच लिहायला बसले. पहिला मसुदा त्यांनी रुद्राणीला वाचून दाखवला : "तुझे पत्र वाचून मला फार समाधान वाटले होते पूर्ण."

"काडी लावताय का त्यांना?" रुद्राणी ओरडली. "अहो, जो माणूस आयुष्यभर उलटं बोलला, तो दुसऱ्याचं सरळ ऐकेल का? त्यात ईरप्पा वाचणार. समाधान म्हटलं की मिशीवर हात फिरवेल. त्यापेक्षा त्यांच्याच भाषेत लिहा. येऊ नका म्हणा. पळत येतील."

शिवयोगींना ती युक्ती पटली नाही, पण आपल्या पटण्यावर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. त्यांनी नवा कागद घेतला. 'तू डोळ्याचे ऑपरेशन करू नये. आंधळेपणाचे अनेक फायदे आहेत,' असं लिहिलं. आता लिहिलंच आहे तर फायदे द्यायला हवेत, म्हणून ते विचार करू लागले. अर्ध्या तासाने रुद्राणी आली, तेव्हा कागदावर 'एक : चष्मा लागत नाही. दोन : दिव्याचे तेल वाचते' इथवर मजल गेली होती आणि तिसऱ्या फायद्यासाठी ते शब्दकोश चाळत होते. तिने कागद चुलीत घातला.

सोमवारी छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत शिवयोगींनी धोंडीरामला जवळ बोलावलं. एवढ्या वर्षांत त्यांनी त्याला कामाबाहेरचं काही विचारलं नव्हतं.

"धोंडीराम, त्या दिवशी बसलिंगप्पा पत्रिका न्यायला आले होते, तुम्ही का हसलात?"

"कवा? त्या भूगोलावर व्हय? साहेब, हसू नको तर काय! माणूस एवढा चिडून बोलायलाय आणि तुमी म्हणताय, बरं झालं, तूच सांगितलंस. मला वाटलं, तुमी त्यांच्यावर कडी केली."

"आणि मी एरवी हसतो, ते कसं दिसतं?"

धोंडीरामने भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचार केला. "उशिरा दिसतं," तो म्हणाला. "सगळ्यांचं झालं की तुमचं सुरू हुतंय. आमी म्हणायचो, साहेब लई खोल जाऊन हसतात."

शिवयोगी परत टेबलाशी आले. खोल जाण्यासारखं तिथे काही नव्हतं. आपण फक्त वाट पाहत होतो, कोणीतरी आधी हसेल म्हणून. हे त्यांनी कोणालाही, रुद्राणीलाही, सांगितलं नव्हतं. सांगितलं तर लोक म्हणतील, एवढी पुस्तकं वाचून हे एवढंही कळत नाही? पण आता प्रश्न लोकांचा नव्हता. मंगळवेढ्यात एक माणूस हट्टापायी डोळा घालवत होता, आणि त्याला कळेल असं लिहिणं दोन्ही तऱ्हांनी जमलं नव्हतं. सरळ लिहावं तर तो वाकडं ऐकणार, आणि वाकडं लिहायला जावं तर आपल्या हातून फायद्यांची यादी होणार.

मग त्यांच्या मनात आलं, की घोळ शब्दांचा नाहीच, वाचणाऱ्याचा आहे. बसलिंगप्पांच्या पत्राचंही वाचणाऱ्यानेच वाटोळं केलं होतं, आणि तो वाचणारा ते स्वतः होते. वाचणाऱ्याला आवरायचं कसं, एवढी एकच गोष्ट त्यांना एकतीस वर्षांत येत होती.

त्यांनी अंतर्देशीय पत्र उघडलं, आणि मजकुराच्या आधी, चौकट आखून, लिहिलं :

'वाचणाऱ्यास सूचना : हे पत्र रेशनकार्डावरची नावे वाचावीत तसे, एकाच सुरात वाचावे. कोणत्याही शब्दावर जोर देऊ नये. आवाज चढवू अगर पाडू नये. मध्ये थांबून ऐकणाऱ्याकडे पाहू नये. पत्रात जे लिहिले आहे, त्याहून निराळे काही त्यात नाही.'

खाली पत्र होतं.

'प्रिय बसलिंगा,

तू लग्नाला येऊ नका म्हणालास, म्हणून मी आलो नाही. मला ते खरे वाटले. तुझे पत्र आले, तेही मला खरे वाटले. उत्तर नको असे तू लिहिले होतेस, म्हणून दिले नाही. माझी चिठ्ठी टोमणा नव्हती. मला टोमणा मारता येत नाही. काल प्रयत्न केला, जमला नाही.

माणूस शब्द एक वापरतो आणि आवाज दुसरा, हे मला लहानपणापासून समजत नाही. बोर्डिंगात तू मला पंडित म्हणायचास. ते कौतुकाने की चेष्टेने, हे मला अजून माहीत नाही. विचारण्याची लाज वाटत असे. तुझ्या विनोदांना मी दुसरे हसले की हसतो. पण तू आलेला मला आवडतो. तुझे विनोद चालू असताना घरातली सगळी माणसे एका जागी बसतात, तेही मला आवडते.

पार्वतम्माच्या अक्षतांना मी नव्हतो. मला फार वाईट वाटते. हे वाक्य जसे आहे तसेच आहे.

डोळा दाखवायला ये. आमच्या घरी उतर. पुढच्या गुरुवारी सकाळच्या एसटीने मी तुला न्यायला येतो. येऊ नको असे तू म्हणशील. तू ते खरे म्हणतो आहेस की नाही हे मला कळणार नाही, तरीही मी येणार आहे.

तुझा
शिवयोगी'

पत्र त्यांनी तीनदा तपासलं. चूक सापडली नाही, आणि त्यामुळेच त्यांची धास्ती वाढली. 'तू आलेला मला आवडतो' हे वाक्य ईरप्पाने कितीही सपाट वाचलं, तरी एका ज्वारीच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत ते कसं ऐकू येईल? ते खोडावं का? पण खोडलेलं वाक्य माणसं जास्त निरखून वाचतात, हे त्यांना प्रुफांवरून ठाऊक होतं. त्यांनी कडा चिकटवल्या. रुद्राणीला वाचून दाखवायचं नाही असं ठरवलं.

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर ते कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेले, तर टपाल न्यायला आलेला माणूस पेटी उघडून आतली पत्रं पोत्यात रिकामी करत होता. शिवयोगी बाजूला उभे राहिले. पत्र हातात होतं. एकदा शेवटची नजर टाकावी असं त्यांना वाटलं, पण ते चिकटवलेलं होतं. पत्ता तेवढा पुन्हा वाचला. तालुका बरोबर होता.

पेटीला कुलूप लावून तो माणूस पोत्याचं तोंड धरून उभा राहिला. त्याने शिवयोगींकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या पत्राकडे पाहिलं.

"टाका की काका! का घरी नेऊन लोणचं घालणार हाय?"

शिवयोगींनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं हे त्यांना उमगलं, की उत्तर सुचलंच नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी पत्र पोत्यात टाकलं. माणसाने पोतं सायकलच्या कॅरियरवर बांधलं आणि तो स्टेशनाकडे निघून गेला.